१६ डीपी म्हणजे नेमके किती?

अँड्रॉइड शिकवताना मापांचा विषय बहुतेक ठिकाणी तीन वाक्यांत उरकतात: पिक्सेल वापरू नका, लांबी-रुंदीला डीपी द्या, अक्षरांना एसपी द्या. तिन्ही वाक्यं बरोबर आहेत, पण तेवढ्याने भागत नाही. डीपी देऊनही चौथा रकाना पडद्याबाहेर जातो. एसपी देऊनही 'पूर्ण करा' मधला दुसरा उकार तळाशी कापला जातो. तिसऱ्याच कुठल्या फोनवर स्प्लॅशचं, म्हणजे ॲप सुरू होताना दिसणारं, चित्र उघडताच ॲप बंद पडतं. हे सगळं समजायला लेआउटमध्ये, म्हणजे पडद्याच्या मांडणीत, लिहिलेला १६ हा आकडा काचेवर पोचेपर्यंत त्याचं काय काय होतं, ते एकदा पाहून घ्यावं लागतं.

(व्हॉट्सॲपवरचा डीपी तो वेगळा. इथला डीपी म्हणजे डेन्सिटी-इंडिपेन्डन्ट पिक्सेल. एसपी हा त्याचाच अक्षरांसाठीचा भाऊ, वापरणाऱ्याने निवडलेल्या अक्षरमापाप्रमाणे वाढणारा.)

घनता: खरी आणि मानलेली

पडद्यावर किती ठिपके आहेत हे रिझोल्यूशन सांगतं. ते किती दाटीने बसलेत हे घनता सांगते, म्हणजे एका इंचात किती ठिपके. हिशेब शाळेतला आहे, पायथागोरस. १०८० × २४०० ठिपक्यांचा ६.५ इंची पडदा घ्या. १०८० आणि २४०० च्या वर्गांची बेरीज ६९,२६,४००, तिचं वर्गमूळ सुमारे २६३२, त्याला ६.५ ने भागलं की ४०५. ही झाली खरी घनता, पीपीआय.

आता मेख अशी, की अँड्रॉइडची मांडणी या ४०५ वर चालत नाही. फोन बनवणारी कंपनी प्रणालीत घनतेचा एक आकडा लिहून ठेवते, ४००, ४२०, ४४०, ४८० असा कुठलातरी, आणि डीपीचं पिक्सेलमध्ये रूपांतर त्या आकड्यावरून होतं. सूत्र एवढंच: पिक्सेल = डीपी × घनता ÷ १६०.

१६० हा पाया अँड्रॉइडच्या अगदी सुरुवातीच्या काळातला आहे. २००८ साली आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनचा, टी-मोबाइल जी-१ चा, पडदा ३२० × ४८० ठिपक्यांचा आणि ३.२ इंचांचा होता. त्याचं गणित केलं तर खरी घनता १८० भरते, पण तो धरला गेला १६० च्या गटात. म्हणजे मानलेल्या आणि खऱ्या घनतेतला फरक पहिल्या फोनपासूनच आहे. 'एक डीपी म्हणजे इंचाचा एकशे साठावा भाग' हे वाक्य पाठ करायला सोपं आहे, पण त्यावर विसंबून पट्टीने मोजायला जाल तर फसाल.

दोन जुने, माहितीतले फोन शेजारी ठेवू. नेक्सस ५ आणि नेक्सस ५एक्स, दोन्हींचा पडदा १०८० × १९२०. नेक्सस ५ ४.९५ इंची, खरी घनता ४४५, मानलेली ४८०. नेक्सस ५एक्स ५.२ इंची, खरी ४२४ च्या आसपास, मानलेली ४२०. दोन्हींवर १६० डीपी रुंदीचा चौकोन काढा. पहिल्यावर तो ४८० पिक्सेल घेतो आणि काचेवर २७.४ मिलिमीटर भरतो. दुसऱ्यावर ४२० पिक्सेल, म्हणजे सव्वापंचवीस मिलिमीटरच्या आत. जुन्या काळी कापड हाताने मोजत, आणि मापणाऱ्याचा हात बदलला की कापड कमीजास्त भरे. डीपीचंही तसंच आहे. फरक दोन-तीन मिलिमीटरचा आहे आणि तेवढा चालतो, कारण डीपीचं काम अचूक मोजणं नाही. बटण कुठल्याही फोनवर बोटाला साधारण सारखंच लागावं, एवढीच त्याची जबाबदारी.

ज्या ॲपला खरे मिलिमीटर हवेत, उदाहरणार्थ पडद्यावरची मोजपट्टी किंवा अंगठीचं माप, त्याने डीपीच्या नादी लागू नये. अँड्रॉइडमध्ये एमएम आणि इंच ही एककं आहेत. ती एक्सडीपीआय या दुसऱ्या आकड्यावर चालतात, आणि तो आकडाही फोन बनवणाऱ्याने जे भरलं असेल तेच सांगतो. त्यावर आंधळा भरवसा ठेवता येत नाही. भरवशाचा मार्ग जुनाच आहे: वापरणाऱ्याला एटीएम कार्ड काचेवर ठेवायला सांगायचं आणि एक रेघ त्या कार्डाच्या रुंदीला जुळवून घ्यायची. कार्डाची रुंदी जगभर ८५.६० मिलिमीटर असते. रेघेचे पिक्सेल त्याने भागले की त्या काचेचं खरं प्रमाण हातात आलं.

३६० गृहीत धरण्याची सवय

डिझायनरकडून येणारी फिग्माची, म्हणजे त्याच्या आराखड्याच्या साधनातली, चौकट बहुधा ३६० रुंदीची असते, हल्ली ४१२ चीही. चौकटीतला एक पिक्सेल म्हणजे एक डीपी धरायचा, इथपर्यंत ठीक. गोची पुढे होते, जेव्हा कोणी पडदा ३६० डीपीचाच आहे असं धरून आकडे ठोकून बसवतो.

१०८० पिक्सेल रुंदीचे चार फोन घ्या. मानलेली घनता ४८० असेल तर रुंदी ३६० डीपी. ४४० असेल तर ३९२.७. ४२० असेल तर ४११.४. ४०० असेल तर ४३२. ठिपके तेवढेच, पण डीपीत ३६० ते ४३२. उलट बाजूने, ७२० पिक्सेलचा स्वस्त फोन ३२० घनतेवर आणि १४४० पिक्सेलचा महागडा फोन ६४० घनतेवर, दोन्ही ३६० डीपीचेच. म्हणून 'फुल एचडी पडद्यासाठी वेगळा लेआउट' असा विचारच चुकीचा आहे. लेआउटला ठिपके दिसत नाहीत, फक्त डीपी दिसतात.

यात भर म्हणून अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, सेटिंग्जमध्ये 'डिस्प्ले साइज' आलं. वापरणारा ते वाढवतो तेव्हा मानलेली घनताच बदलते. ४२० चा फोन ५४० वर गेला तर १०८० ÷ ३.३७५, म्हणजे रुंदी उरते नेमकी ३२० डीपी. आता कोणी ९० डीपीचे चार चौकोन ओळीत मांडले असतील, तर बेरीज ३६०. चौथ्या चौकोनाचा जवळपास अर्धा भाग काचेबाहेर. डिस्प्ले साइज मोठं ठेवणारे लोक थोडे असतात असं समजू नका. घरातल्या साठीपुढच्या कुणाचाही फोन हातात घेऊन बघा.

उपाय साधे आहेत. ओळीत चार गोष्टी हव्यात तर प्रत्येकीला ठराविक डीपी देण्याऐवजी वेट द्या, म्हणजे उरलेली जागा त्या वाटून घेतील. किंवा ग्रिडला 'एक रकाना किमान इतका' एवढंच सांगा. कंपोझमध्ये, म्हणजे अँड्रॉइडचे पडदे लिहायच्या नव्या पद्धतीत, लेझी ग्रिडला ग्रिडसेल्स डॉट अडॅप्टिव्ह दिलं की किती रकाने मावतात हे ते स्वतःच ठरवतं. ठराविक डीपी द्यायचे ते अंतराला, आयकॉनला आणि बटणाच्या किमान उंचीला. पडदा व्यापणाऱ्या कुठल्याही गोष्टीला द्यायचे नाहीत.

टॅबलेट आणि घडीच्या फोनांसाठी मोडणीच्या जागा, म्हणजे विंडो साइज क्लास, ठरलेल्या आहेत: ६०० डीपीखाली कॉम्पॅक्ट, ६०० ते ८३९ मीडियम, ८४० पासून पुढे एक्स्पांडेड. पूर्वी हेच काम एसडब्ल्यू६००डीपी नावाच्या फोल्डरने व्हायचं, अजूनही होतं. फक्त दोन्हींत एक फरक लक्षात ठेवा. एसडब्ल्यू पडद्याची लहान बाजू पाहतं आणि फोन आडवा केला तरी बदलत नाही. विंडो साइज क्लास मात्र या क्षणी ॲपला मिळालेली खिडकी पाहतो. पडदा दोन ॲपमध्ये विभागला की तुमच्या वाट्याला अर्धाच येतो, तेव्हा 'फोन केवढा आहे' हा प्रश्न निरर्थक असतो. त्याच न्यायाने स्टेटस बार २४ डीपी धरून वरून अंतर सोडणाऱ्यांनी तो आकडा पुसून टाकावा. कॅमेऱ्याचं छिद्र असलेल्या फोनांवर तो बार उंच असतो. विंडो इनसेट्स, म्हणजे प्रणालीने कडांना अडवलेली जागा, विचारले की खरा आकडा मिळतो.

कोडमधून माप देताना

लेआउटच्या एक्सएमएल फाइलमध्ये एकक लिहावंच लागतं, म्हणून चूक चटकन दिसते. कोडमध्ये नुसता आकडा जातो, आणि तो कुठल्या एककात वाचला जाईल हे त्या त्या फंक्शनवर असतं. जुन्या व्ह्यू पद्धतीत सगळ्यात जास्त गफलती इथे होतात.

सेटपॅडिंग, म्हणजे आतल्या कडेची मोकळी जागा ठरवणारं फंक्शन, पिक्सेल घेतं. त्यात १६ लिहिलंत तर तिप्पट घनतेच्या (१६० च्या तिप्पट, ४८०) फोनवर ते जेमतेम सव्वापाच डीपी होतं, आणि मजकूर कडेला चिकटतो. लेआउट पॅरॅम्समधली रुंदी-उंचीही पिक्सेलमध्येच. कॅनव्हासवर लिहिताना पेंटचा टेक्स्ट साइजही पिक्सेलमध्ये. पण टेक्स्टव्ह्यूचं सेटटेक्स्टसाइज मात्र एसपी घेतं, आणि त्याच टेक्स्टव्ह्यूचं गेटटेक्स्टसाइज पिक्सेल परत देतं! त्यामुळे एका टेक्स्टव्ह्यूचं माप वाचून दुसऱ्याला दिलं की अक्षर तिप्पट फुगतं. डायमेन्स या मापांच्या फाइलमधून एसपीचं माप गेटडायमेन्शनने उचलून सेटटेक्स्टसाइजला दिलं तरी तेच, कारण गेटडायमेन्शन रूपांतर करून पिक्सेल हाती देतं आणि समोरचा त्याला पुन्हा एसपी समजतो. इथे सेटटेक्स्टसाइजचं दोन मूल्यं घेणारं रूप वापरायचं: आधी एकक, टाइप्डव्हॅल्यूमधलं कॉम्प्लेक्स युनिट पीएक्स, मग आकडा.

डायमेन्स वाचायची तीन फंक्शनं आहेत आणि तिन्ही वेगळी वागतात. गेटडायमेन्शन अपूर्णांक देतं. गेटडायमेन्शनपिक्सेलसाइज जवळच्या पूर्णांकावर नेतं, आणि मूळ माप शून्य नसेल तर किमान एक पिक्सेल तरी देतंच. गेटडायमेन्शनपिक्सेलऑफसेट अपूर्णांक सरळ छाटतं. दीडपट घनतेवर १ डीपीची रेघ पहिल्याने १.५, दुसऱ्याने २, तिसऱ्याने १. यादीतली बारीक रेघ एखाद्या फोनवर अजिबात दिसत नसेल, तर कुठेतरी अर्धा डीपी ऑफसेटमधून गेलाय का ते आधी बघा. छाटला की शून्य.

छाटण्याचा दुसरा नमुना कॅलेंडरमध्ये सापडतो. सात वारांचे सात रकाने करायचे. कॉन्फिगरेशनमधला स्क्रीनविड्थडीपी पूर्णांक असतो, ४११.४ चा तो ४११ सांगतो. त्याला ७ ने भागून पूर्णांक घेतला, ५८ डीपी. २.६२५ ने गुणलं, १५२.२५, म्हणजे १५२ पिक्सेल. सात रकान्यांचे १०६४. शनिवारच्या उजवीकडे १६ पिक्सेलची पांढरी पट्टी उरते आणि मग कोणीतरी ती झाकायला मार्जिन टाकतं, जे दुसऱ्या फोनवर भलतीकडे ढकलतं. भागाकार नेहमी पिक्सेलमध्ये करावा, आणि उरलेले एक-दोन पिक्सेल कुठल्या तरी रकान्याला देऊन टाकावेत. १०८० ÷ ७ म्हणजे १५४, बाकी २. पहिल्या दोन रकान्यांना १५५ दिले की हिशेब मिटला.

कंपोझमध्ये हा घोळ बराच आटोक्यात आहे, कारण तिथे १६ डॉट डीपी हा वेगळा प्रकारच असतो आणि नुसता आकडा कंपायलर स्वीकारत नाही. पिक्सेल हवे असतील तर लोकलडेन्सिटीच्या कक्षेत जाऊन टूपीएक्स म्हणावं लागतं. एवढ्या एका कारणासाठीही नवं काम कंपोझमध्ये करावं असं सुचवेन.

चित्र चुकीच्या फोल्डरात

चित्रांचे फोल्डर घनतेच्या गटांनुसार असतात: एमडीपीआय १६०, एचडीपीआय २४०, एक्सएचडीपीआय ३२०, डबल एक्स ४८०, ट्रिपल एक्स ६४०. पटीत सांगायचं तर १, १.५, २, ३, ४. लाँचर आयकॉन ४८ डीपीचा, म्हणून त्याची पाच रूपं ४८, ७२, ९६, १४४ आणि १९२ पिक्सेलची. (अँड्रॉइड ८ पासूनचा अडॅप्टिव्ह आयकॉन १०८ डीपीचा असतो, त्यातला मधला ७२ डीपी दिसतो, आणि बोधचिन्ह मधल्या ६६ डीपीत बसवायचं. कडेला नेलेलं अक्षर गोल मुखवट्यात कापलं जातं.)

४२० किंवा ४४० घनतेच्या फोनसाठी वेगळा फोल्डर सहसा नसतो. प्रणाली जवळच्या मोठ्या गटातलं चित्र उचलते आणि लहान करून दाखवते. लहान करण्यात फारसं काही बिघडत नाही.

बिघडतं ते नुसत्या ड्रॉएबल फोल्डरात टाकलेल्या चित्राचं. ज्या फोल्डरच्या नावात घनता नाही त्यातलं चित्र एमडीपीआयचं, म्हणजे १६० साठी काढलेलं, असं प्रणाली धरते. आता कोणीतरी १०८० × १९२० चं स्प्लॅशचं चित्र तिथे ठेवलं. जेपीजी फाइल २०० केबीची, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण स्मृतीत चित्र उलगडतं तेव्हा फाइलचा आकार उपयोगाचा नसतो, दर पिक्सेलला ४ बाइट लागतात. मूळ चित्राचे ८३ लाख बाइट होतात, म्हणजे ८ एमबीच्या आत. तिप्पट घनतेच्या फोनवर प्रणाली त्याची रुंदी तिप्पट करते आणि उंचीही तिप्पट. ३२४० × ५७६० × ४, झाले सुमारे ७१ एमबी. ॲप रखडतं, पण उघडतं. चौपट घनतेच्या फोनवर तेच चित्र ४३२० × ७६८० होतं, सुमारे १२७ एमबी. इथे अँड्रॉइड चित्र काढायला नकार देतं, कारण एका बिटमॅपची मर्यादा साधारण १०० एमबीची आहे, आणि लॉगमध्ये 'ट्राइंग टू ड्रॉ टू लार्ज बिटमॅप' असा निरोप ठेवून ॲप बंद पडतं. ज्याच्याकडे सगळ्यात चांगला फोन त्याच्याकडेच ॲप पडतं, आणि तपासणाऱ्याच्या साध्या फोनवर सगळं सुरळीत!

उपाय दोन मिनिटांचा: ते चित्र डबल एक्सच्या फोल्डरात हलवा. किंवा प्रणालीने त्याला हातच लावू नये असं वाटत असेल तर नोडीपीआय फोल्डरात ठेवा. आयकॉन आणि सपाट रेखाचित्रं तर व्हेक्टरमध्येच असावीत, म्हणजे घनतेचा प्रश्नच येत नाही. मात्र मोठी आणि गुंतागुंतीची चित्रं व्हेक्टरमध्ये नकोत. २०० × २०० डीपीच्या पुढे गेलं की पहिल्यांदा काढताना वेळ जास्त लागतो.

एसपी आणि देवनागरीचे उकार

एसपी म्हणजे डीपी गुणिले वापरणाऱ्याने निवडलेली अक्षरांची पट. ही व्याख्या अँड्रॉइड १३ पर्यंत तंतोतंत खरी होती. २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात आणि ती वाढ सरळ रेषेत होत नाही. बारीक मजकूर जवळपास दुप्पट होतो, मोठी शीर्षकं त्यापेक्षा कमी वाढतात. शहाणपणाचाच निर्णय आहे, कारण ३० एसपीचं शीर्षक आधीच वाचता येत असतं, ते दुप्पट करून पडदा अडवण्यात अर्थ नाही.

पण त्यामुळे जुनं गणित मोडलं. स्केल्डडेन्सिटीने गुणून पिक्सेल काढणारा कोड आता चुकीचं उत्तर देतो. टाइप्डव्हॅल्यूच्या अप्लायडायमेन्शनकडून रूपांतर करून घ्यावं. शिवाय एसपीची बेरीजही आता होत नाही: ४ एसपी आणि २० एसपी वेगवेगळे बदलून मिळवले तर २४ एसपीइतकेच येतील अशी हमी नाही. म्हणून पॅडिंग एसपीत देऊ नये. ओळीची उंची मात्र एसपीतच द्यावी. ती डीपीत दिली तर अक्षरं वाढतात आणि ओळी आहेत तिथेच राहतात. इंग्रजीत तेवढ्याने मजकूर दाटलेला दिसतो, मराठीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत शिरतो.

मराठी ॲप करणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं, कारण बहुतेक साचे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनलेले असतात. रोमन अक्षराला वरखाली जेवढी जागा लागते तेवढ्यात देवनागरी मावत नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, आणि उभी रचलेली जोडाक्षरं. 'कर्तृत्व' मध्ये रफार वर आणि ऋकार खाली. 'राष्ट्रीय' मध्ये ष्ट्र खाली उतरतं आणि दीर्घ वेलांटी वर. 'निर्द्वंद्व' मध्ये तर रफार, अनुस्वार आणि द्व सगळे हजर. चाचणीला 'नमस्कार' लिहून पाहण्यात काही हशील नाही, त्यात वरखाली काहीच नाही. हे तीन शब्द लिहून पाहा.

एक बटण जवळून बघू. उंची ३६ डीपी, वरखाली ८ डीपी पॅडिंग, अक्षर १४ एसपी, मजकूर 'ओटीपी पुन्हा पाठवा'. मजकुराला उरले २० डीपी. देवनागरीची एक ओळ अक्षराच्या मापाच्या दीडपट जागा घेते असं ढोबळ धरा, १४ ला २१. म्हणजे साध्या मापावरच एक डीपी कमी आहे, आणि 'पुन्हा' चा उकार काठावर आहे. अक्षरं १३० टक्के केली की मजकूर १८ डीपीच्या पुढे, ओळ २७ च्या पुढे, उपलब्ध जागा तीच २०. उकार गेला, वेलांटीही गेली. 'पुन्हा' चं 'पन्हा' होतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं शुद्धलेखन चुकलंय.

दुरुस्ती अशी: उंचीला रॅप कंटेंट (आतल्या मजकुराएवढी), किमान उंची ४८ डीपी, पॅडिंग ८ डीपी तसंच. आता बटण हवं तितकं वाढतं आणि लहान असतानाही बोटाला पुरेसं राहतं. मॅक्सलाइन्स १ काढून टाका. 'रीसेंड' च्या जागी तीन शब्द आले आहेत, मोठ्या अक्षरांत ते दोन ओळींत जाणारच, जाऊ द्यावेत. इन्क्लूडफॉन्टपॅडिंग फॉल्स करण्याची एक फॅशन आहे, डिझाइनशी पिक्सेल जुळावेत म्हणून. देवनागरीत ती महागात पडते, कारण वरच्या मात्रांची जागा त्या पॅडिंगमध्येच असते. अँड्रॉइड १५ ला टार्गेट केलं की एलिगंटटेक्स्टहाइट आपोआप चालू होतं आणि उंच लिप्यांना जागा जास्त मिळते. म्हणजे टार्गेट वाढवल्यावर काही मराठी पडदे थोडे उंच झालेले दिसतील. तो बिघाड समजून मागे नेऊ नका.

अक्षरांना एसपीऐवजी डीपी देऊन 'लेआउट सांभाळला' म्हणणारेही भेटतात. बोधचिन्हाचा भाग असलेलं एखादं अक्षर सोडलं तर याला माफी नाही. कोडमधल्या चुका शोधणारं लिंटसुद्धा यावर इशारा देतं, तो दाबून टाकू नये.

बाकीच्या घरी काय म्हणतात

आयओएसवर पॉइंट. २००७ च्या पहिल्या आयफोनवर ३२० × ४८० ठिपके आणि तेवढेच पॉइंट. २०१० च्या आयफोन ४ वर ठिपके ६४० × ९६० झाले आणि पॉइंट तेवढेच राहिले. तिथून दुप्पट आणि तिप्पट अशा पूर्ण पटी चालत आल्या, म्हणून चित्रांच्या नावांत @२एक्स, @३एक्स असतं. अँड्रॉइडसारखं २.६२५ तिथे नाही, पण अगदीच सरळही नाही. २०१४ चा आयफोन ६ प्लस तिप्पट धरून १२४२ × २२०८ चं चित्र काढायचा आणि ते १०८० × १९२० च्या काचेवर आकसून दाखवायचा, त्यामुळे एक पिक्सेलची रेघ तिथे धूसर व्हायची. पॉइंटही लांबीचं माप नाही. पहिल्या आयपॅडवर इंचात १३२ पॉइंट, आयपॅड मिनीवर १६३. बोटासाठी तिथला संकेत ४४ पॉइंटचा आहे, आणि छपाईतल्या पॉइंटशी, म्हणजे इंचाच्या बहात्तराव्या भागाशी, त्याचा संबंध फक्त नावापुरता.

एकाच कोडमधून दोन्हींकडची ॲप करणारी साधनं म्हणजे फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह. फ्लटरचा लॉजिकल पिक्सेल अँड्रॉइडवर डीपीशी आणि आयओएसवर पॉइंटशी जुळतो. अक्षरांच्या वाढीसाठी तिथे आता टेक्स्टस्केलर आहे. जुना टेक्स्टस्केलफॅक्टर एकाच आकड्याने गुणायचा आणि वक्र वाढ त्याला जमत नाही, म्हणून तो बाद झाला. रिॲक्ट नेटिव्हमध्ये एकक लिहितच नाहीत, नुसता आकडा म्हणजे डीपी. सगळ्यात बारीक रेघ हवी तर अर्धा लिहिण्यापेक्षा स्टाइलशीटमधलं हेअरलाइनविड्थ घ्यावं. वेबव्ह्यूमधला, म्हणजे ॲपच्या आत दिसणाऱ्या वेबपानातला, सीएसएस पिक्सेल, व्ह्यूपोर्टची रुंदी डिव्हाइस-विड्थ ठेवली असेल तर, डीपीच्याच जवळचा. व्ह्यूपोर्टची ओळच विसरलात तर मोबाइल ब्राउझरमध्ये पान ९८० रुंदीचं समजून आकसलं जातं, आणि मग 'मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात' ही तक्रार येते.

एका फोनवर चार फोन

तपासायला दहा फोन लागत नाहीत. एक फोन, केबल आणि संगणकावरून फोनला हुकूम देणारं एडीबी पुरे. एडीबी शेल डब्ल्यूएम डेन्सिटी एवढंच लिहिलं तर चालू घनता कळते, पुढे आकडा दिला तर ती बदलते. १०८० पिक्सेलच्या फोनवर ५४० द्या म्हणजे ३२० डीपीचा अरुंद पडदा, ४८० द्या म्हणजे ३६०, ४०० द्या म्हणजे ४३२, आणि २८८ दिलं तर ६०० डीपी होऊन टॅबलेटचा लेआउट त्याच फोनवर उघडतो. अक्षरांसाठी एडीबी शेल सेटिंग्ज पुट सिस्टिम, पुढे फॉन्ट अंडरस्कोर स्केल, पुढे १.३ किंवा २.०. आधी ५४० घनता आणि २.० अक्षरं एकत्र लावून ॲपचे सगळे पडदे एकदा फिरून या. मुख्य पडदे बहुधा टिकतात. मोडतात ते संवादचौकटी, तळाचे टॅब आणि लॉगिनचं पान, कारण तिथे कीबोर्ड वर आला की 'पुढे जा' बटण त्याच्या मागे जातं आणि पान सरकत नाही.

आयकॉन धूसर दिसला तर मात्र आधी डब्ल्यूएम डेन्सिटी रीसेट करून मगच शोधाशोध करा. बऱ्याचदा ते मागच्या चाचणीतलं २८८ तसंच राहिलेलं असतं.